सोळा अंशांवरचं तीर्थ

जिन्यात चपला मावेनात, म्हणून लोक त्या पिशवीत घालून हातात धरून उभे होते. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचा, आणि रांग पार्किंगपर्यंत. श्रावण अर्धा सरला होता, पण पावसानं पाठ फिरवलेली. सिडकोतल्या त्या इमारतीत माणसं घामानं निथळत होती, तरी जागची हलत नव्हती. कारण वर, आवडाबाईंच्या खोलीत, रोज संध्याकाळी बरोबर साडेसातच्या आरतीला महादेवाच्या पिंडीवर आभाळातून पाणी पडत होतं.

आभाळातून म्हणजे भिंतीतून. भिंतीतून म्हणजे... ते पुढं येईलच.

"पडला! थेंब पडला!"

"कुठं? मला दिसंना."

"वाका की जरा, ओ काका! तुमच्या टकलाआड अख्खा कैलास झाकलाय."

पिंडीपाशी नानासाहेब उभे होते. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ, कपाळावर अष्टगंध, हातात तांब्या. त्यांनी डोळे मिटले आणि आवाज नाभीतून काढला.

"शांतता! आपल्या घड्याळात साडेसात वाजलेत, कैलासावर ब्रह्ममुहूर्त आहे. तिथला बर्फ वितळतो आणि इथं थेंब पडतो. विज्ञान इथं संपतं, मंडळी. विज्ञान दाराशी चपला काढून हात जोडून उभं राहतं!"

"नाना, त्याला म्हणावं माझ्या चपला बी सांभाळ. काल एक गेली," मागून कुणीतरी म्हणालं.

हसू उसळलं आणि तेवढ्यात टक्कन आवाज झाला. पिंडीवर आपटून बर्फाचा एक तुकडा पाटावर घरंगळला. खरोखरचा बर्फ! हसू जागच्या जागी गोठलं. एक बाई रडायलाच लागली. पन्नास माणसांनी हात जोडले.

शिवराजनंही जोडले. तो या घराचा कर्ता, आवडाबाईंचा एकुलता एक मुलगा. स्वयंपाकघराच्या दारात तो उभा होता. सगळ्यांचे डोळे पिंडीवर होते, त्याचे मात्र क्षणभर वर गेले, देवाच्या डोक्यावर छताला लागून बसलेल्या पांढऱ्या पेटीकडं. मग त्यानं घाईघाईनं मान खाली घातली.

गोष्ट इथून सुरू होते असं वाटेल. इथून होत नाही.

यंत्र: हवेचा कॉम्प्रेसर क्रमांक चार.
फिल्टर उघडून पाहिला: होय.
पाण्याचा निचरा तपासला: होय.
शेरा: ठीक.
सही: शिवराज, देखभाल सुपरवायझर.

असा कागद तो वाळूजच्या कारखान्यात रोज भरायचा. अकरा वर्षांत एकही रकाना त्यानं रिकामा सोडला नव्हता. "न बघता टिक मारणारा माणूस मला चालत नाही," असं तो हाताखालच्यांना सांगायचा आणि ती माणसं त्याला घाबरून असायची.

गोष्ट सुरू होते ती त्यानं न भरलेल्या कागदापासून.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले आणि आवडाबाई पिशोरहून मुलाकडं राहायला आल्या. येताना देव आणले. बसून पूजा करता यावी म्हणून देव्हारा बुटका हवा होता, आणि मोकळी भिंत एकच होती, एसीखालची. देव तिथं बसले. त्याआधी दर उन्हाळ्याच्या तोंडी शहागंजचे नूरमोहम्मद शिडी घेऊन यायचे, एसीची जाळी धुवायचे, पाण्याची नळी फुंकून साफ करायचे. देव आले त्या वर्षीही ते आले. शिवराज दारातच त्यांना म्हणाला, "नूरभाई, या वेळी राहू द्या."

शिडी लावली तर पाय देवाच्या डोक्यावर येणार. आणि ते पाय नूरभाईंचे. आईला चालेल का?

आईला त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर ही गोष्ट एवढ्यातच संपली असती.

आवडाबाई शहरात रमल्या नाहीत. दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसायच्या आणि संध्याकाळी एकच वाक्य बोलायच्या, "मला गावाकडं सोड." आषाढात डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, दिवसातून सहा वेळा. शिवराजची बायको तनुजा शाळेत शिकवायला जायची, तो कारखान्यात. थेंब आवडाबाई स्वतःच टाकायच्या. म्हणजे तसं सांगायच्या.

मग श्रावणातला तो सोमवार. आरतीला नेहमीप्रमाणं एसी बंद केला, कारण त्याच्या वाऱ्यानं निरांजन विझायचं. आरती अर्ध्यावर आली आणि पिंडीवर टप्प.

"शिवा! महादेव पावला रं!"

दोन वर्षांत पहिल्यांदा आई हसली होती. शिवराजनं ते हसू पाहिलं आणि मनापासून हात जोडले. हे खरं आहे, तेही लिहिलंच पाहिजे.

मंगळवारी थेंब पडला नाही. शेजारणीकडून खबर लागून आलेले नानासाहेब पाटावर बसून चौकशी करू लागले. काल सकाळपासून काय काय केलं? एसी किती वेळ चालला? कितीवर होता? आज दुपारी बंद का केला? थंडी वाजली म्हणून? हं.

डोळे मिटून त्यांनी निकाल दिला. "देवाला गारवा पाहिजे. सकाळपासून सोळावर ठेवा. आरतीला मात्र बंद, ज्योत डोलता कामा नये. आणि धूप दुप्पट करा."

कसलेल्या मेकॅनिकनं लिहून द्यावा तसा हुकूम होता.

बुधवारी धार लागली.

गुरुवारी दुपारी, चौथ्या दिवशी, शिवराज अर्धी सुट्टी काढून घरी आला तर जिन्यात नूरभाई. खांद्यावर शिडी, हातात पिशवी.

"साहेब, खालच्या मजल्यावर आलतो. म्हटलं बघून जावं. दोन साल झाले तुमचा एसी खोलला नाही."

खोलीच्या दारातूनच त्यांनी मान वर केली, दोनदा नाक ओढलं आणि हात कानाशी नेऊन आवाज ऐकला.

"हवा फेकतच नाही. जाळी पूरी जाम है, साब. अंदर बरफ जम रहा है. बंद किया के पिघलता, और नळी चोक, तो पानी जाएगा कहाँ? इधरीच गिरेगा." त्यांनी पिंडीकडं अदबीनं, लांबूनच बोट केलं. "दस मिनट का काम है. कर देतूं?"

शिवराजला सगळं कळलं. कळलं म्हणजे काय, त्याला ते सोमवारीच कळायला हवं होतं. त्याचा धंदाच तो.

बाहेर जिन्यात आतापासूनच माणसं जमत होती. सकाळी कारखान्याचे मोठे साहेब सपत्नीक येऊन गेले होते आणि जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आईला कुणी माउली म्हणत होतं, कुणी तिच्या पाया पडत होतं. काल ती गावाचं नावही बोलली नव्हती.

"आता नको, नूरभाई," तो म्हणाला. "श्रावण संपू द्या."

नूरभाईंनी त्याच्याकडं पाहिलं, शिडी खांद्यावर सरकवली.

"जैसी आपकी मर्जी. बस, वो पानी पीना मत. नळी में सडेला है."

सोसायटीच्या ग्रुपवर त्या संध्याकाळचा संदेश:

"सर्व भाविकांना कळवण्यात आनंद होतो की हिमतीर्थ आजही प्रकट झाले. सदर तीर्थ प्राशन केल्यास पोट साफ होते, व डोळ्यास लावल्यास चष्मा सुटतो. येताना स्वच्छ बाटली आणावी. कृपया तर्क करू नये, तर्काने तीर्थ आटते. पार्किंगमध्ये बाहेरच्यांनी गाड्या लावू नयेत, माझी स्कूटर निघत नाही. आपला, नानासाहेब."

पाचवा दिवस. आवडाबाईंनी तीर्थ डोळ्यात घातलं. वाटी कुणीतरी धरली होती.

सहावा दिवस. पुन्हा.

सातव्या दिवशी डोळा लाल झाला. "घाण भाईर पडतीय," आवडाबाई म्हणाल्या, "नाना म्हनले." आठव्या दिवशी सकाळी पापणी सुजून बंद झाली. तनुजानं हलकेच उघडून बघितली तर बुबुळावर पांढरट साय आली होती.

"आई, माझी किती बोटं दिसतात?"

"धुकं हाय गं नुसतं."

उशीखाली थेंबांची बाटली सापडली, जवळपास भरलेली. तनुजा नवऱ्याकडं वळली. ती ओरडली नाही. "रिक्षा बोलाव," एवढंच म्हणाली.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर खुशनुमांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या.

"आजी, डोळ्यात काय घातलं होतं?"

"तीर्थ."

शिवराजला वाटलं, आता ही हसणार. ती हसली नाही.

"कुठलं तीर्थ? नदीचं, विहिरीचं? मला कळायला हवं, म्हणजे औषध ठरवता येईल. पाणी कुठून येतं?"

"देवाच्या वरून पडतं. कैलासाचं हाय म्हणत्यात."

डॉक्टरांनी शिवराजकडं पाहिलं. तनुजानं पाहिलं. आवडाबाईंनीही मान वळवून एका डोळ्यानं पाहिलं. खोलीत पंखा फिरत होता आणि कारखान्यात सात पानांचा अहवाल घडाघडा वाचणाऱ्या माणसाचा आवाज जेमतेम निघाला.

"एसीतून," तो म्हणाला.

"मोठ्यानं सांगा."

"एसीतून येतं. दोन वर्षं साफ केलेला नाही."

आवडाबाईंनी पदर डोक्यावरून थोडा पुढं ओढून घेतला.

"डोळ्याच्या आत जंतू गेलेत," डॉक्टर म्हणाल्या. "इंजेक्शन आत्ताच देते. उद्या सकाळी पुन्हा आणा. नजर किती वाचेल ते दोन दिवसांनी कळेल. काल आणलं असतं तर बरं झालं असतं. परवा आणलं असतं तर आणखी बरं."

त्या "परवा"चा हिशेब शिवराजनं मनात मागं नेला. परवा, तेरवा, गुरुवार.

बाहेर येऊन त्यानं फोन लावला. पलीकडून नूरभाईंनी विचारलं.

"संपला का श्रावण, साहेब?"

संध्याकाळी साडेसहाला रिक्षा इमारतीपाशी आली. रांग होतीच. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आवडाबाईंना लोक वाट देत होते. "माउली, काय झालं?" "तीर्थ लावा, उतरेल." वर नानासाहेब पाटावर ठाण मांडून बसले होते. एसी सकाळपासून सोळावर चालू होता, ती काळजी त्यांनीच घेतली होती. शेजारणीकडं किल्ली असायची.

शिवराजनं रिमोट उचलला आणि एसी बंद केला.

"अहो, अजून तासभर आहे!" नानासाहेब दचकले.

"आत्ता आरती नाही. धूप नाही. दिवा पण नाही. सगळे बसा आणि नुसतं बघा."

लोक बसले. पाच मिनिटं गेली, सात गेली. एक म्हातारा जांभई देत म्हणाला, "आरतीबिगर काय पडनार..." आणि टप्प. मग आणखी एक. मग धार.

कुजबुज उठली. नानासाहेबांनी दोन्ही हात वर केले. "भोळा शंकर! आज वेळेआधीच प्रसन्न!"

"व्हय, त्याची बी शिफ्ट बदलली असंल," चप्पल हरवलेला तो माणूस म्हणाला. या वेळी हसू फुटलं ते नानांवर.

नूरभाई शिडी घेऊन दारात आले आणि हसू थांबलं. शिडी लावायची तर ती देव्हाऱ्यावरच. सगळ्यांच्या ते लक्षात आलं.

"देवाच्या डोक्यावर पाय?" नानासाहेब कडाडले. "आणि तेही..." त्यांनी वाक्य तोडलं. उरलेलं वाक्य खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू गेलं. नूरभाईंनाही. ते शिडी धरून तसेच उभे राहिले.

शिवराजनं मान खाली घातली. दोन वर्षांपूर्वी दारात उभं राहून त्यानं मनातल्या मनात हेच वाक्य पूर्ण केलं होतं.

"थांबा जरा," आवडाबाई म्हणाल्या.

त्या चाचपडत देव्हाऱ्यापाशी आल्या. पिंड उचलली, पदरात घेतली. बाकीचे देव ताम्हणात ठेवले आणि ताम्हण मांडीवर घेऊन पलंगावर बसल्या.

"चढा, नूरभाई."

सगळे नानांकडं बघू लागले.

"रोज सकाळी उचलते मी यांना आंघोळीला," त्या म्हणाल्या. "उचलायचं अन् बाजूला ठिवायचं. दोन वर्सांत मला कुनी इचारलं का? अन् काय रं शिवा, पिशोरला आपल्या देवघरात पहिला दिवा कुनी बशिवला, वायर वढून? यांच्यातलाच व्हता वायरमन. तुझ्या बापानं त्याला च्या पाजला व्हता."

नूरभाई चढले. पेटीचं झाकण वर झालं आणि त्यांनी जाळी बाहेर ओढली. जाळी कसली, काळं घोंगडंच. काजळी, धुपाचा तेलकट धूर, धूळ, आणि मधूनच कुंकवाचा लालसर थर. तिच्यामागं धातूच्या पात्यांवर तळहाताएवढ्या जाडीचा पांढराशुभ्र बर्फ.

"ये आपका कैलास," नूरभाई खाली बघत म्हणाले.

शिवराज पुढं झाला. त्याचा आवाज सुरुवातीला फुटला, मग सरळ झाला.

"जाळी तुंबली की आत हवा जात नाही. हवा नाही म्हणून पाती गरजेपेक्षा गार होतात आणि त्यांच्यावर दव गोठतं. सोळावर दिवसभर ठेवलं तर बर्फाची भिंत होते. ती ओल कुठून येते? आपल्यातून. पन्नास माणसांचा घाम आणि श्वास. गर्दी जेवढी जास्त, तेवढं पाणी जास्त. मग आरतीला आपण एसी बंद करतो, बर्फ सुटतो. ते पाणी नळीतून बाहेर जायला पाहिजे. नळी..."

नूरभाईंनी नळीतून तारेनं काहीतरी ओढून काढलं. करड्या रंगाचा, बोटभर जाड, लिबलिबीत शेवाळाचा लांबलचक दोर. वास खोलीभर पसरला.

"...अशी असते. म्हणून ते देवावर पडतं."

एका बाईनं तोंडावर हात दाबला. कुणीतरी जिन्याकडं धावलं. भरलेल्या बाटल्या एकेक करत गुपचूप खिडकीत जाऊन बसल्या.

"नाना," शिवराज म्हणाला, "सोळावर ठेवा, आरतीला बंद करा, हे तुम्ही दुसऱ्याच दिवशी सांगितलंत. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

नानासाहेबांचा अष्टगंध घामानं ओघळला होता. ते उठले, धोतर झटकलं आणि पहिल्यांदाच साध्या आवाजात बोलले.

"मी पेन्शनर माणूस. मला काय कळतं यंत्रातलं? एसी चालला की पाणी पडतं, एवढं कळलं. पण तुम्ही तर त्यातले जाणते. तुम्हाला कधी कळलं, शिवराजराव?"

सगळ्या माना वळल्या. इतका वेळ लोक त्याच्याकडं सुटका करणाऱ्या माणसाकडं बघावं तसं बघत होते. त्याला खोटं बोलता आलं असतं. आज कळलं, दवाखान्यात कळलं. शिडीवरचे नूरभाई काही बोलले नसते. ते जाळीच निरखत राहिले होते.

"चौथ्या दिवशी," शिवराज म्हणाला. "गुरुवारी दुपारी. नूरभाईंनी सांगितलं. मी त्यांना परत पाठवलं."



"चौथ्या दिवशी," आवडाबाई म्हणाल्या. मांडीवरची पिंड त्या पदरानं पुसत होत्या. "मंग पाचव्या दिवशी मी डोळ्यात घालताना वाटी तूच धरली व्हती की रं."

नूरभाईंनी जाळी नळाखाली धुतली, दोन पाण्यांनी. आधी काळं पाणी गेलं, मग करडं, मग स्वच्छ. बर्फ आपोआप वितळू दिला, खरवडला नाही. ट्रे पुसला, नळी फुंकली, जाळी वाळवून बसवली. एसी पुन्हा सोळावर लावला. तासाभरानं आरती झाली. एसी बंद होता आणि निरांजन स्थिर. थांबले होते त्या सात-आठ माणसांनी श्वास रोखून पिंडीकडं पाहिलं. एक थेंब पडला नाही.

पाणी गेलं ते जिथं जायला हवं तिथं. खाली पार्किंगमध्ये, इतके दिवस कोरड्या पडलेल्या नळीच्या तोंडातून, बरोबर नानासाहेबांच्या स्कूटरच्या सीटवर.

यावर लोक पुढं महिनाभर हसले. शिवराज हसला नाही.

डोळा वाचला, नजर पूर्ण परतली नाही. डाव्या बाजूनं कुणी आलं तर आवडाबाईंना आता आवाज द्यावा लागतो. पहिल्याच महिन्यात त्या म्हणाल्या, "गावाकडं सोड," आणि त्यानं सोडलं. महिनाभरानं त्या आपणहून परत आल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

यंत्र: आईच्या खोलीतला एसी.
जाळी धुतली: होय. (दर पंधरा दिवसांनी, रविवारी.)
नळीचं पाणी बाहेर पडतं, ते खाली जाऊन डोळ्यानं बघितलं: होय.
नूरभाई येऊन गेले: होय. चहा आईनं केला.
शेरा:

शेऱ्याचा रकाना तो रिकामा सोडतो. तेवढा एकच.

रविवारी आवडाबाई देव उचलून मांडीवर घेतात, उजवा डोळा वर करून बघतात आणि म्हणतात, "चढ." तो चढतो.

तुमच्या घरी असं काही घडलं, पाणी पडलं, राख उमटली, मूर्ती रडली, तर हात जोडायच्या आधी मान वर करून बघा. तिथं पोचायला देव आड येत असतील तर त्यांना उचला आणि बाजूला ठेवा. ते रोज उचलले जातात, त्यांना सवय आहे. जाणत्याला बोलवा, त्याची जात-पात दारात तपासू नका. आजारी माणसाचं औषध तीर्थानं थांबवू नका. आणि खरं काय ते कळलं, तर कुणी हसतंय, कुणी खांद्यावर हात ठेवतंय म्हणून श्रावण संपायची वाट बघू नका. चौथ्या दिवशी कळलं तर चौथ्याच दिवशी सांगा. पाचव्या दिवशी कुणाच्या तरी हातात वाटी असते.